सहा सॅक्सोफोन आणि एक सोंगाड्या

सॅक्सोफोन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस उभा राहतो. रात्र, पाऊस, रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड आणि कुठल्याशा खिडकीतून येणारा घोगरा, ओलसर स्वर. ही प्रतिमा चित्रपटांनी घडविली आणि जाहिरातींनी पार झिजवून टाकली. या वाद्याला जनसामान्यांत पहिली कीर्ती मिळाली ती मात्र रंगीबेरंगी झगे घातलेल्या सहा विदूषकांमुळे, हे आज सांगितले तर थट्टा वाटेल. त्या थट्टेचा माग काढीत गेलो तेव्हा आम्ही अमेरिकेतून निघून मुंबईच्या धोबी तलावापर्यंत आणि तेथून पनवेलच्या वरातींपर्यंत येऊन पोचलो. वाटेत जे दिसले ते फारसे हसण्याजोगे नव्हते.

अदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने 1846 साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्या मनात एक वाद्य नव्हते, वाद्यांचे अख्खे कुटुंब होते. किनऱ्या आवाजाच्या धाकट्यापासून जमिनीतून उमटल्यासारख्या खर्जाच्या थोरल्यापर्यंत सारी भावंडे एकाच घडणीची. नळी पितळेची आणि टोकाकडे रुंदावत जाणारी, तोंडाशी मात्र क्लॅरिनेटसारखी वेताची एकेरी रीड. म्हणजे अंग पितळी बाजातले आणि गळा सुषिरवाद्यांच्या दुसऱ्याच घराण्यातला. सिंफनी वाद्यवृंदाने या संकराला आपल्या पंक्तीला कधी नीट बसविले नाही. आसरा मिळाला तो लष्करी बँडांत, आणि पुढे सर्कशीत व व्होदव्हिलमध्ये.

व्होदव्हिल काय, इंग्लंडातले म्युझिक हॉल काय, प्रकार एकच: एका तिकिटात कसरतपटू, जादूगार, नकलाकार, गायिका, शिकविलेली कुत्री असे एकामागून एक येणारे दहा-बारा मिनिटांचे तुकडे. कथानक नाही, सलगता नाही; प्रेक्षकाला कंटाळा येण्याआधी आपला कार्यभाग उरकणे हीच त्या रंगभूमीची मुख्य अट. अशा ठिकाणी सॅक्सोफोन रुजला याचे कारण त्याच्या आवाजात आहे. हे वाद्य माणसाच्या गळ्याच्या धोकादायक रीतीने जवळ जाते. ओठ जरा सैल सोडले की स्वर घसरतो, जिभेने रीडवर फटका मारला की उचकी लागल्यासारखा आवाज निघतो; ते कण्हते, खिदळते, रागे भरते. सारंगीने माणसाच्या गळ्याची नक्कल केली की आपण गहिवरतो, सॅक्सोफोनने केली की हसतो. का, याचे उत्तर आम्हांला पुरतेपणी सापडलेले नाही. कदाचित पितळेच्या त्या बाकदार, अगडबंब नळीकडे पाहताना तिच्यात माणूस बोलेल अशी अपेक्षाच नसते.

ही खुबी ज्यांनी ओळखली ते ‘सिक्स ब्राऊन ब्रदर्स’. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका बँडमास्तरची ही मुले; टॉम त्यांचा म्होरक्या. रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीच्या बँडातून ते बाहेर पडले आणि केवळ सॅक्सोफोनांचा ताफा घेऊन व्होदव्हिलच्या रंगमंचावर आले. 1914 साली न्यूयॉर्कच्या ग्लोब थिएटरात ‘चिन चिन’ हे संगीतक लागले. त्यात त्यांचा तुकडा होता आणि त्याने त्यांना देशभर नाव मिळवून दिले. त्याच वर्षी व्हिक्टर कंपनीने त्यांची ‘दॅट मोनिंग सॅक्सोफोन रॅग’ ही तबकडी काढली. ती आज आंतरजालावर सहज ऐकता येते. तळाशी बेस सॅक्सोफोन तुटक हुंकार देत ठेका धरतो, वरचे ऑल्टो चपळाईने रॅगटाइम विणत जातात आणि मधूनच एक स्वर कण्हत खाली घसरतो. मायक्रोफोन येण्यापूर्वीचे हे ध्वनिमुद्रण, कर्ण्यात तोंड घालून केलेले. त्या कर्ण्यात व्हायोलिन क्षीण उमटे, तंतुवाद्याचा खर्ज तर जवळजवळ हरवूनच जाई. सॅक्सोफोन मात्र ठसठशीत उठे. वाद्याच्या भाग्योदयात या तांत्रिक योगायोगाचा वाटा मोठा आहे. पहिली जाझ तबकडी म्हणून जिचा उल्लेख होतो ती 1917 ची, आणि तिच्यात सॅक्सोफोन मुळी नाहीच. म्हणजे जाझने सॅक्सोफोनला वर आणले हा समज उलटा आहे. सॅक्सोफोन आधी घराघरांत गेला होता, विदूषकांच्या हातांतून.

1920 च्या आगेमागे अमेरिकेला या वाद्याचे अक्षरशः वेड लागले. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या एका लहान शहरातून कॉन आणि बुशर हे कारखाने देशभर सॅक्सोफोन पाठवीत होते. ब्राऊन बंधूंचा पुढारी टॉम बुशरच्या जाहिरातींत झळकत होता. मग बोलपट आले, रेडिओ आला, व्होदव्हिलची नाट्यगृहे चित्रपटगृहे झाली आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी ब्राऊन बंधूंचा ताफा पांगला. पुढची सत्तर वर्षे त्यांचे नाव थोड्याफार संग्राहकांनाच ठाऊक राहिले. ब्रूस व्हर्माझन यांनी 2004 साली त्यांच्यावर सबंध पुस्तक लिहिले तेव्हा कुठे त्यांचा पट उलगडला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाच भाऊ विदूषकांच्या वेषात असत. टॉम मात्र तोंडाला काळा रंग फासून, ओठ पांढरे रंगवून उभा राही. हे काळ्या गुलामांचे विडंबन होते. मिन्स्ट्रेल नावाच्या ज्या अमेरिकन प्रकारात गोरे नट काळ्यांची सोंगे आणून गोऱ्या प्रेक्षकांना हसवीत, त्याचीच ती शेपटी. रॅगटाइम संगीत काळ्यांनी घडविलेले, त्याचा पैसा गोऱ्यांच्या गल्ल्यात, आणि वर तोंडाला काळे फासून त्यांचीच टवाळी! ब्राऊन बंधूंची कारागिरी अव्वल होती म्हणून याकडे काणाडोळा करावा असे आम्हांला वाटत नाही. आणि हा रंग दिसतो म्हणून तबकडी ऐकूच नये असेही वाटत नाही.

मराठी वाचकाला येथे आपला सोंगाड्या आठवेल. तोही रंग फासतो, वाकडा बोलतो, अंगविक्षेप करतो. परंतु तमाशातला सोंगाड्या गावकुसाबाहेरून येऊन पाटलाची, सावकाराची, क्वचित देवाचीही टोपी उडवितो. त्याच्या थट्टेची दिशा खालून वर. टॉम ब्राऊनच्या तोंडावरच्या रंगाची दिशा वरून खाली. मुखवटे दोन्हीकडे आहेत आणि हशाही दोन्हीकडे पिकतो. तो मुखवटा कोणाच्या चेहऱ्यावर बसतो आणि कोणाच्या चेहऱ्याची टर उडवितो, यावर मात्र सारे ठरते.

हा अमेरिकन रंग आपल्याकडे आला नव्हता असे मात्र कोणी समजू नये. सॅक्सोफोनच्या लाटेआधी अर्धशतक, 1861 च्या सुमारास, डेव्ह कार्सन नावाचा मिन्स्ट्रेल नट मुंबईत उतरला आणि हिंदुस्थानातच रमला. येथे त्याला टवाळीसाठी नवा माल मिळाला. तो काळ्या अमेरिकनांबरोबर पारशांच्या आणि बंगाली बाबूंच्या नकला करू लागला. कलकत्त्यात त्याच्या खेळाच्या जाहिरातीत ‘पक्का तमाशा’ असे शब्द असत. त्यावर अर्धेंदुशेखर मुस्तफी या बंगाली नटश्रेष्ठाने 1870 च्या दशकात ‘मुस्तफी साहेबका पक्का तमाशा’ काढून साहेबांचीच नक्कल केली आणि हिशेब चुकता केला. थट्टेची दिशा कशी फिरविता येते याचा याहून नेटका नमुना आम्हांला ठाऊक नाही.

पुढे मॉरिस बँडमन आला. जिब्राल्टरपासून योकोहामापर्यंत नाटक मंडळ्यांची साखळी बांधणारा हा उद्योगी गृहस्थ म्युझिक हॉलचा आणि संगीतिकांचा माल बंदराबंदरांतून फिरवीत असे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस उभे राहिले ते त्याच्या आणि जहांगीर फ्रामजी काराका यांच्या भागीदारीतून. 1911 साली बांधकाम अपुरे असतानाच पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाव ऑपेराचे असले तरी अशा नाट्यगृहाचा गल्ला हलक्याफुलक्या खेळांवर चाले. 1990 च्या दशकात बंद पडलेली ही वास्तू दुरुस्तीनंतर 2016 साली पुन्हा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिच्या झुंबरांविषयी पुष्कळ छापून आले; बँडमनविषयी त्या मानाने थोडे.

परंतु म्युझिक हॉलचे आपले स्वतःचे रूप ऑपेरा हाऊसच्या मखमली खुर्च्यांपुढे घडले नाही. ते घडले त्याच मुंबईत, गोवेकर खलाशी, आचारी आणि वाजंत्री यांच्या वस्तीत. 17 एप्रिल 1892 रोजी न्यू अल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हा कोंकणी खेळ झाला आणि तियात्राचा जन्म झाला. लुकाझिन्यो रिबेरो हा त्याचा एक कर्ता. मुंबईस आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीचे खेळ त्याने पाहिले होते, त्यांच्याकडे कामही केले होते. तियात्राची बांधणी पाहिली की व्होदव्हिलची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मुख्य कथा पडद्यापडद्यांनी पुढे सरकते, आणि दोन पडद्यांच्या मध्ये कथेशी सुतराम संबंध नसलेली ‘कांतारां’ येतात: एकेरी, दुहेरी, तिघांची, राजकारण्यांवर, भटजी-पाद्र्यांवर, सासूवर, महागाईवर. आणि रंगमंचाच्या पायथ्याशी बसलेला असतो बँड. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम आणि त्यांचे सोबती. गायकाचे कडवे संपताच ट्रंपेट-सॅक्सोफोन मिळून टोमणा उचलून धरतात, म्हणजे प्रेक्षकाला कळते की येथे हसायचे आहे. मराठी संगीत नाटकाच्या पायपेटी-तबल्याच्या साथीचा इतिहास आपण प्रेमाने लिहिला, शेजारच्याच गल्लीतल्या या साथीदारांकडे मात्र ढुंकूनही पाहिले नाही. भाषा निराळी, धर्म निराळा, वाद्ये विलायती. एवढे कारण आपल्याला पुरले.

हे वाजंत्री आले कोठून? पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, आणि व्हायोलिन शिकवीत. उद्देश एवढाच की रविवारच्या प्रार्थनेला आणि सणांना गाणारे-वाजविणारे मिळावेत. पण कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजविता येणे ही विद्या गोव्याबाहेर सोन्याच्या मोलाची होती. पनवेलहून गोव्याकडे जाणारा रस्ता हमरस्ता व्हायच्या आणि कोकण रेल्वे धावायच्या कितीतरी आधी ही मुले पणजीहून आगबोटीने मुंबईस येत, आपापल्या गावच्या ‘कुडां’त, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, पथारी टाकीत आणि मूकपटांच्या साथीला, हॉटेलांत, संस्थानिकांच्या व पोलिसांच्या बँडांत कामाला लागत.

1935 च्या अखेरीस लिऑन ॲबी या काळ्या अमेरिकन वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड ही मंडळी आली आणि येथल्या वादकांना जाझ तबकडीवरून नव्हे तर शेजारी बसून शिकता आले. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या 2012 सालच्या पुस्तकात हा काळ जिवंत उभा केला आहे. मिकी कोरिया यांचा ताफा ताजमध्ये 1939 पासून 1960 पर्यंत वाजत होता. ते स्वतः सॅक्सोफोनवादक. पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन यांचे मूळ नाव कावसजी खटाव. पारशी रंगभूमीवरच्या एका विख्यात नटाचेही नाव हेच होते. खटावचे कॉटन झाले, अल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ हा ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ झाला. तोंडाला रंग फासण्याची गरज नव्हती. नाव फासले की भागत होते. आणि या सोंगाची दिशा पाहा! ज्या काळ्या अमेरिकनांना मिन्स्ट्रेलांनी विदूषक केले होते, त्यांच्यासारखे दिसावे, वाजवावे, त्यांच्यासारखे आपले नाव असावे असे या तरुणांना वाटत होते. चिकचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग.

याच काळात सॅक्सोफोनांचा ताफा जाझ-वाद्यवृंदाच्या पोटात शिरला होता. तीन, मग चार, मग पाच सॅक्सोफोन एका रांगेत बसत. पहिला ऑल्टो चाल धरी, बाकीचे तिच्याखाली अगदी लगटून स्वरांची पायरी लावीत. श्वास कोठे घ्यायचा, शब्द संपावा तसा स्वर कोठे तोडायचा, हेही सर्वांनी एकदम. रांग नीट वाजली तर पाच माणसे ऐकू येत नाहीत, पाच पदरांचा एकच गळा ऐकू येतो. चांगल्या रांगवादकाची परीक्षा ही की तो वेगळा ऐकू येऊ नये. या कसबाला दाद मिळणे मुळातच अवघड, आणि आपल्यासारख्या, मैफलीत एकाच गवयाकडे डोळे लावून बसणाऱ्या समाजात तर अशक्यच.

ही रांग मराठी माणसाने उचलली ती चित्रपटात. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, यांचा ‘अलबेला’ 1951 साली आला. त्याचा नायक प्यारेलाल रंगमंचावर नट होण्याच्या ध्यासाने घर सोडतो, आणि चित्रपटातली गाजलेली गाणी रंगमंचावरचे तुकडे म्हणूनच येतात. व्होदव्हिल मराठी घामाने भिजले तर कसे दिसेल, ते येथे दिसते. ‘शोला जो भड़के’ या गाण्यात सी. रामचंद्रांनी बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा सरंजाम मांडला. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक होता. तो आणि त्याचा ताफा या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. स्थूल देहाचा, मान आणि खांदे हलवीत हलके पाऊल टाकणारा भगवान हा अस्सल सोंगाड्या होता. गिरणगावातल्या प्रेक्षकाने त्याच्यात स्वतःला पाहिले, कारण तो त्यांना हसत नव्हता. ब्राऊन बंधूंच्या खेळात जे अंग नासके होते ते येथे गळून पडले आणि जे खरे होते, म्हणजे पितळी गळ्यांचा एकत्र खिदळणारा आनंद, तेवढे उरले असे आमचे मत आहे. ते कोणास भाबडे वाटेल. वाटो.

पुढचा प्रवास मात्र अधोगतीचा. हिंदी चित्रपटाने सॅक्सोफोनला हळूहळू दुसरा मुखवटा चढविला: क्लबातली नर्तिका, मद्याचा पेला, तस्कराचा अड्डा, किंवा फार तर नायकाचा दारुडा विरह. कुलीन दुःखाला सतार-सारंगी, पतित दुःखाला सॅक्सोफोन अशी वाटणीच झाली. त्या चौकटीतही मनोहारी सिंग यांच्यासारख्या कलावंताने ‘काश्मीर की कली’ (1964), ‘आराधना’ (1969) अशा चित्रपटांतून जे वाजविले ते अविस्मरणीय आहे, आणि त्यांचे नाव निदान रसिकांना ठाऊक झाले. मात्र ते एकल वादक म्हणून. पाश्चात्त्य पद्धतीच्या या साऱ्या रांगा कागदावर मांडणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोवेकर तबकड्यांच्या वेष्टनांवर शोधून सापडत नसत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने 2008 साली या वादकांच्या मुलाखतींवर पुस्तक लिहिले, तोवर अनेकजण गेलेले होते. गोन्साल्विसांचे नाव भारतभर झाले ते 1977 साली; शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे, पण अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभ बच्चनच्या तोंडून, एका विनोदी गाण्यात. लाखो लोकांनी ते नाव कल्पित समजून गुणगुणले. दक्षिणेत कद्री गोपालनाथांनी (1949–2019) म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडात हे वाद्य ऐकले आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत ते मानाने बसविले. हा पराक्रम असामान्य खराच. पण तोही एकट्याचा.

ताफा म्हणून सॅक्सोफोन आज आपल्या आसपास कोठे ऐकू येतो? आमच्या पनवेल-उरणकडे त्याचे उत्तर सोपे आहे: लग्नात. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत हळदीला आणि वरातीला ब्रास बँड लागतो. त्याआधी येथे खालूबाजा होता, आणि कोकणात तो अजूनही आहे: सनई, ढोल, टिमकी, झांज. बँडाने सनईची जागा घेतली तेव्हा तिचे काम क्लॅरिनेटकडे, ट्रंपेटकडे आणि सॅक्सोफोनकडे आले. गाण्याचे शब्द ज्या स्वरांवर बसतात ते वाजवायचे ते या मंडळींनी. खर्जाचे पोकळ भोंगे आणि ढोल त्यांना खांदा देणार. सॅक्सोफोनवाला चाल वाजविताना गायकाच्या हरकती, अडखळ, लाडिक घसरण हुबेहूब काढतो, कारण नाचणाऱ्यांना शब्द ऐकू यावे लागतात. सोल्फा येथे कोणी शिकविलेला नसतो. धाकटा थोरल्याशेजारी उभा राहून, कानाने शिकतो. अंगावर झालरींचा, सोनेरी फितींचा डगला आणि डोक्यावर टोपी. बूथ यांनी लग्नातल्या बँडांवर 2005 साली जे पुस्तक लिहिले त्यात या गणवेषाकडे बारकाईने पाहिले आहे. राजाचा वेष चढविलेल्या माणसाला मांडवातल्या पंक्तीत मात्र जागा नसते, हे पाहण्यासाठी आपल्याला पुस्तकाचीही गरज नाही.

बेंजो आणि डीजे यांनी या बँडांचे पुष्कळ काम नेले आहे. जे टिकून आहेत त्यांची लग्नसराई संपली की माणसे रिक्षा चालवितात, रंगकाम करतात, शेतावर जातात. तरीही हंगामात, रात्री उशिरा, वरात गावाच्या वेशीशी रेंगाळली आणि नाचणाऱ्यांनी जुने काहीतरी मागितले की पुढे दोन सॅक्सोफोन सरसावतात. एक चाल धरतो, दुसरा तिच्याखाली किंचित मागे राहून तीच चाल घोगऱ्या आवाजात म्हणतो. मधूनच एखादा स्वर मुद्दाम कण्हत घसरतो आणि पोरेटोरे हसतात. मग बँडमास्तर हात वर करतो, ढोल थांबतो, आणि दोघेही गालफुगे करून एकाच श्वासात पुढची ओळ उचलतात.